एकशे वीस तारांचा दंडक : उभ्या अँटेनाच्या रेडियलविषयीच्या लेखनाची चिकित्सा

गोषवारा

हौशी रेडिओच्या क्षेत्रात उभ्या अँटेनाच्या पायाशी जमिनीत पुरावयाच्या रेडियल तारांची 'आदर्श' संख्या १२० मानली जाते. या संख्येचा उगम १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी शोधनिबंधात आहे. मूळ निबंधाचा हेतू, त्यातील प्रयोगाची मर्यादा आणि नंतरच्या नियमांत, हस्तपुस्तिकांत व प्रयोगांत या संख्येला प्राप्त झालेले अर्थ यांचा चिकित्सक आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. काटकसरीचा मार्ग दाखविणाऱ्या निबंधाचे पुढे खर्चिक दंडकात रूपांतर झाले आणि त्या दंडकाविरुद्ध उभा राहिलेला 'चार तारा पुरेत' हा प्रतिदंडकही त्याच दोषाने ग्रस्त आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : हौशी रेडिओ, उभी अँटेना, रेडियल तारा, प्रारणरोध, भूमिरोध, पाठचिकित्सा

१. प्रस्तावना

पाठचिकित्सा ही संज्ञा उच्चारताच मराठीच्या अध्यापकासमोर हस्तलिखिते उभी राहतात. शके १५०६ मध्ये संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्या वेळी मूळ ग्रंथकाराचे शब्द कोणते आणि नंतर शिरलेले कोणते, हाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. तांत्रिक लेखनाला असा प्रश्न विचारण्याची प्रथा मात्र फारशी रूढ नाही. सूत्र आणि संख्या यांना पाठभेद नसतात, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः संख्याही प्रवास करते. एका निबंधातून ती नियमात जाते, नियमातून हस्तपुस्तिकेत आणि हस्तपुस्तिकेतून तोंडी परंपरेत. या प्रवासात तिच्या सोबत असलेल्या अटी एकेक करून गळून पडतात आणि शेवटी उरते ती केवळ संख्या.

उभ्या अँटेनाच्या रेडियल तारांची संख्या हे या प्रक्रियेचे एक ठळक उदाहरण आहे. या विषयावरील लेखन मुख्यत्वे अमेरिकेत झाले असून ते अभियंत्यांनी आणि हौशी प्रयोगकर्त्यांनी मिळून घडविले आहे. त्यातील महत्त्वाच्या टप्प्यांचे वाचन करून १२० या संख्येचा मूळ अर्थ कोणता होता आणि आजच्या वाचकाने तो कसा घ्यावा, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. उभी अँटेना आणि तिच्या पायाखालची जमीन

विषयाच्या आकलनासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. सर्वसामान्य द्विध्रुवी अँटेनामध्ये तारेचे दोन समान भाग असतात आणि विद्युत्प्रवाह एका भागातून जात असताना दुसरा भाग त्याला पूरक ठरतो. पाव तरंगलांबीच्या उभ्या अँटेनामध्ये यातील एकच भाग वर उभा असतो; दुसऱ्या भागाचे काम जमिनीने करावयाचे असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मार्कोनीने प्रेषकाचे एक टोक उंच तारेला आणि दुसरे जमिनीला जोडले, तेव्हापासून ही रचना प्रचारात आहे.

जमीन तांब्यासारखी उत्तम वाहक असती, तर प्रश्नच उद्भवला नसता. परंतु माती ही सदोष वाहक आहे. अँटेनाच्या भोवतालच्या मातीतून पायाकडे परतणारा प्रवाह तिला तापवितो आणि तेवढी शक्ती वाया जाते. हा ऱ्हास टाळण्यासाठी अँटेनाच्या पायापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे सर्व दिशांना तांब्याच्या तारा पसरतात. याच रेडियल तारा होत. परतणाऱ्या प्रवाहाला मातीऐवजी तांब्याचा मार्ग उपलब्ध करून देणे, हे त्यांचे कार्य आहे.

या व्यवहाराचा हिशेब दोन रोधांच्या भाषेत मांडता येतो. अँटेना जी शक्ती अवकाशात पाठविते ती 'प्रारणरोधा'ने आणि जी शक्ती मातीत जिरते ती 'भूमिरोधा'ने दर्शविली जाते. प्रारणरोधाला या दोहोंच्या बेरजेने भागले असता कार्यक्षमता मिळते. आदर्श भूमीवरील पाव तरंगलांबीच्या अँटेनाचा प्रारणरोध सुमारे ३६ ओहम असतो. भूमिरोध १४ ओहम असल्यास कार्यक्षमता ७२ टक्के येते. अँटेनाची उंची निम्मी, म्हणजे तरंगलांबीच्या अष्टमांशाइतकी केली, तर प्रारणरोध सुमारे ६ ओहमपर्यंत घसरतो आणि तोच १४ ओहमचा भूमिरोध कार्यक्षमतेला ३० टक्क्यांवर आणतो. भूमिरोध १ ओहमपर्यंत खाली आणल्यास मात्र हीच बुटकी अँटेना ८६ टक्के कार्यक्षम ठरते. अँटेना जितकी बुटकी, तितकी ती जमिनीवर अधिक अवलंबून असते. हे सूत्र पुढील विवेचनाची गुरुकिल्ली आहे.

३. १९३७ चा निबंध : विसरलेला हेतू

जी. एच. ब्राउन, आर. एफ. लुईस आणि जे. एपस्टाइन या तीन अभियंत्यांचा भूमिव्यवस्था आणि अँटेनाची कार्यक्षमता यांविषयीचा निबंध 'प्रोसीडिंग्ज ऑफ द इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनिअर्स' या नियतकालिकाच्या जून १९३७ च्या अंकात प्रसिद्ध झाला. नंतरच्या जवळजवळ सर्व लेखनाचा हा मूलस्रोत आहे. निबंधातील प्रयोग ३ मेगाहर्ट्झ या वारंवारतेवर, म्हणजे १०० मीटर तरंगलांबीवर केलेले होते. रेडियल तारांची संख्या २, १५, ३०, ६० आणि ११३ अशी, तर त्यांची लांबी ४५, ९० आणि १३५ फूट अशी बदलून प्रत्येक वेळी अँटेनाचा रोध आणि क्षेत्राची तीव्रता मोजली होती. पुरलेल्या तारांतून आणि मातीतून किती प्रवाह जातो, याचीही नोंद घेतली होती.

या आकड्यांकडे बारकाईने पाहता पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही की, प्रत्यक्ष प्रयोगात १२० तारा कधीच नव्हत्या. सर्वाधिक संख्या ११३ होती. सर्वांत लांब तार १३५ फुटांची, म्हणजे तरंगलांबीच्या ०.४१ पट होती. निबंधाने शिफारस मात्र अर्ध्या तरंगलांबीच्या १२० तारांची केली आहे. म्हणजे शिफारस प्रयोगाच्या कक्षेपलीकडे थोडी गेलेली आहे. अभियंत्याच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. कल स्पष्ट दिसत असताना पूर्णांकाकडे झुकणे स्वाभाविक आहे. तथापि, '१२० हा प्रयोगसिद्ध आकडा आहे' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा हा सूक्ष्म भेद नजरेआड होतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तिघा लेखकांचा मुख्य प्रश्न तारांच्या संख्येचा नव्हता. कमी शक्तीच्या प्रसारण केंद्रांना उंच मनोऱ्यांवाचून काम भागविता येईल काय, हा त्यांचा प्रश्न होता. अष्टमांश तरंगलांबीची अँटेना ही पाव तरंगलांबीच्या अँटेनाइतकीच जवळजवळ कार्यक्षम ठरू शकते, असे त्यांनी मोजमापांनी दाखविले. आणि ते शक्य होण्याची अट म्हणून त्यांनी विस्तृत भूमिव्यवस्था सुचविली. मागील विभागातील हिशेब येथे लागू पडतो. प्रारणरोध घटला की भूमिरोधही त्याच प्रमाणात घटवावा लागतो. पोलादी मनोऱ्याच्या तुलनेत जमिनीत नांगरून पुरलेली तार स्वस्त पडते. त्या अर्थी १२० तारा म्हणजे मनोऱ्यावरील खर्च वाचविण्याचा उपाय होता.

परंपरेने या निबंधातून संख्या उचलली आणि हेतू मागे ठेवला. पूर्ण उंचीची, ३६ ओहम प्रारणरोधाची अँटेना उभारणाऱ्या हौशी व्यक्तीला बुटक्या अँटेनासाठीची भूमिव्यवस्था सक्तीची वाटू लागली. ज्या लेखनाने काटकसरीची वाट दाखविली, तेच लेखन खर्चाचे प्रमाण म्हणून पुढे करण्यात आले.

निबंधातील आणखी एक निष्कर्ष असाच दुर्लक्षित राहिला. तारा थोड्या असताना त्यांची लांबी वाढवून फारसा लाभ होत नाही. तारा पुष्कळ असतील तरच लांबी उपयोगी पडते. कारण उघड आहे. आरे केंद्रापासून दूर जातात तसतसे त्यांच्यामधील अंतर वाढत जाते. तारा विरळ असल्यास बाहेरच्या भागातील प्रवाह तारेपर्यंत पोहोचण्याआधीच मातीतून वाहतो. अशा ठिकाणी तार असून नसल्यासारखी असते. तेव्हा संख्या आणि लांबी या दोन सुट्या बाबी नसून ती एक जोडी आहे.

४. नियमातील संख्या

अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने मध्यम लहरींवरील प्रसारण केंद्रांसाठी भूमिव्यवस्थेविषयी जी तरतूद केली, तिचे शब्द संयत आहेत. रेडियल तारा किमान पाव तरंगलांबीच्या असाव्यात, त्या व्यवहार्य असतील तितक्या असाव्यात आणि कोणत्याही परिस्थितीत ९० पेक्षा कमी नसाव्यात, अशी ही अपेक्षा आहे. ०.३५ ते ०.४ तरंगलांबीच्या १२० तारा ही व्यवस्था उत्कृष्ट समजली जाते. नियमाने १२० ला 'उत्कृष्ट' म्हटले आहे, 'अनिवार्य' म्हटलेले नाही. शिवाय हा सर्व विचार तत्कालीन तंत्रस्थितीला धरून आहे, असे नियम स्वतःच सूचित करतो.

येथे तीन पाठ समोरासमोर ठेवता येतात. १९३७ च्या निबंधात १२० तारा अर्ध्या तरंगलांबीच्या आहेत. नियमात १२० तारा ०.३५ ते ०.४ तरंगलांबीच्या आहेत. हौशी रेडिओच्या प्रचलित सांगण्यात १२० तारा पाव तरंगलांबीच्या आहेत. संख्या अढळ राहिली आणि लांबी प्रत्येक पिढीत आखूड होत गेली. जोडीतील एक घटक बदलला असता दुसराही बदलावयास हवा होता. तसे घडले नाही, कारण १२० हा आकडा एव्हाना मोजमाप न राहता खूण बनला होता.

नियमामागील गरजही हौशी गरजेहून भिन्न आहे. प्रसारण केंद्राला दिवसा आपल्या परिसरातील श्रोत्यांपर्यंत जमिनीलगत जाणाऱ्या भूतरंगाने पोहोचावयाचे असते. हौशी रेडिओधारकाला बहुधा दूरच्या देशाशी संपर्क साधावयाचा असतो आणि त्याचा संदेश आयनांबरावरून परावर्तित होऊन जातो. शिवाय मातीही सर्व वारंवारतांना सारखी नसते. हौशी साहित्यात 'सरासरी' मानल्या जाणाऱ्या जमिनीची वाहकता प्रति मीटर ०.००५ सीमेन्स आणि सापेक्ष परावैद्युत स्थिरांक १३ धरतात. या मूल्यांवरून पाहिले तर १ मेगाहर्ट्झला मातीतील वहनप्रवाह विस्थापनप्रवाहाच्या सुमारे सातपट असतो, ७ मेगाहर्ट्झला दोन्ही जवळजवळ समान होतात आणि २८ मेगाहर्ट्झला वहनप्रवाह पाव हिश्शावर येतो. एकच माती मध्यम लहरींना सदोष वाहक, तर लघुलहरींच्या वरच्या टोकाला सदोष विद्युतरोधी वाटते. मध्यम लहरींसाठी घडविलेला नियम लघुलहरींवर जसाच्या तसा लावताना ही बाब विचारात घ्यावयास हवी होती.

५. कोष्टक आणि त्यातील तारांकन

या परिस्थितीत जॉन स्टॅन्ली यांचे लेखन विशेष मोलाचे ठरते. 'क्यूएसटी' मासिकाच्या डिसेंबर १९७६ च्या अंकात त्यांनी उपलब्ध तारेचा इष्टतम विनियोग कसा करावा, असा प्रश्न मांडला. या विचारातून आलेले कोष्टक अमेरिकन रेडिओ रिले लीगच्या 'अँटेना बुक' या ग्रंथाच्या अनेक आवृत्त्यांतून प्रसिद्ध होत राहिले. त्यात संख्या आणि लांबी यांच्या सहा जोड्या आहेत : ०.१ तरंगलांबीच्या १६ तारा, ०.१२५ च्या २४, ०.१५ च्या ३६, ०.२ च्या ६०, ०.२५ च्या ९० आणि ०.४ च्या १२०. पाव तरंगलांबीच्या अँटेनासाठी त्यांचा ऱ्हास अनुक्रमे ३, २, १.५, १, ०.५ आणि ० डेसिबल असा दिला आहे.

या कोष्टकाचे पहिले श्रेय हे की, त्याने विभक्त झालेली जोडी पुन्हा एकत्र आणली. ७.१ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ४२ मीटर असते. पहिल्या जोडीला ६८ मीटर तार लागते, तिसरीला सुमारे २३० मीटर आणि शेवटचीला सुमारे २,०३० मीटर. तार तीसपट वाढविली असता प्रसारित शक्ती दुप्पट होते. ६० तारांवरून १२० वर जाताना तार चौपट लागते आणि लाभ एक डेसिबलचा, म्हणजे साधारण २६ टक्क्यांचा होतो. ज्या अंगणात चार-सव्वाचार मीटरच्या सोळा तारा मावतात, तेथेही अँटेना निम्म्या शक्तीने का होईना काम करते, हे यातून स्पष्ट होते. 'एकशे वीस नाहीत तर उभी अँटेना नकोच' या धारणेला एवढे उत्तर पुरेसे आहे.

तरीही कोष्टकाचे वाचन सावधपणे करावयास हवे. शेवटच्या शून्यावर एक तारांकन आहे. ही रचना तुलनेचा पाया म्हणून स्वीकारलेली असून आदर्श भूमीच्या तुलनेत तिचा ऱ्हास नगण्य मानलेला आहे, असा त्या तारांकनाचा आशय आहे. म्हणजे शून्य हे येथे गृहीतक आहे. त्याचप्रमाणे कोष्टकात मातीच्या प्रतीसाठी किंवा वारंवारतेसाठी स्वतंत्र रकाना नाही. कोकणातील जांभ्याची जमीन आणि पठारावरील ओली काळी माती यांना एकाच ओळीत बसविता येणार नाही. मातीची वाहकता ओलाव्याबरोबर बदलते, हे तर कोणत्याही ऋतूत पडताळून पाहण्याजोगे आहे. कोष्टक दिशा दाखविते. त्याकडून अचूक अंतराची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल.

६. मापकाची दिशाभूल

याच कोष्टकात आणखी एक रकाना आहे आणि चिकित्सेच्या दृष्टीने तो सर्वांत बोलका आहे. अँटेनाच्या पायाशी आढळणारा रोध सहा जोड्यांसाठी अनुक्रमे ५२, ४६, ४३, ४०, ३७ आणि ३५ ओहम असा दिला आहे. हौशी केंद्रात वापरली जाणारी केबल सामान्यतः ५० ओहमची असते. अँटेनाचा रोध केबलशी जितका जुळेल, तितके स्थिर तरंग गुणोत्तर १ च्या जवळ येते आणि केंद्रचालक समाधान पावतो.

येथे विरोधाभास उत्पन्न होतो. सोळा आखूड तारांच्या, म्हणजे सर्वाधिक ऱ्हासाच्या रचनेत गुणोत्तर जवळजवळ १ आहे. १२० तारांच्या सर्वोत्तम रचनेत ते १.४ च्या वर जाते. ३६ ओहमच्या प्रारणरोधात १४ ओहमचा भूमिरोध मिळविला की बरोबर ५० होतात. मापक परिपूर्ण जुळणी दाखवितो आणि २८ टक्के शक्ती मातीत जात असते. रेडियल वाढविल्यावर गुणोत्तर बिघडले म्हणून कष्टाने पुरलेल्या तारा व्यर्थ गेल्या असे मानणारा वाचक नेमका उलटा निष्कर्ष काढतो. जे सहज मोजता येते त्याला जे मोजावयास हवे त्याचे स्थान देणे, हा दोष केवळ हौशी रेडिओपुरता मर्यादित नाही. गुणांकनावर आणि मूल्यांकनावर चालणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेत तो आढळतो. म्हणूनच हे उदाहरण अन्य विद्याशाखांच्या अध्यापकांनीही विचारात घ्यावे असे आहे.

७. चार तारांचा प्रतिदंडक

१९८० च्या दशकात संगणकीय प्रतिमानांचा वापर वाढला. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत विकसित झालेली न्यूमेरिकल इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स कोड ही संगणकप्रणाली अँटेनाच्या विश्लेषणासाठी प्रमाण मानली जाऊ लागली. 'क्यूएसटी'च्या ऑगस्ट १९८८ च्या अंकात अल ख्रिस्टमन यांनी अशा प्रतिमानांच्या आधारे जमिनीपासून काही उंचीवर ताणलेल्या चार रेडियल तारांची तुलना १२० पुरलेल्या तारांशी केली आणि दोन्हींची कामगिरी तुल्यबळ असल्याचे दाखविले.

या लेखाचे स्वागत उत्साहाने झाले यात नवल नाही. दोन किलोमीटर तारेच्या जागी चाळीस-पंचेचाळीस मीटर तार पुरत असेल, तर कोणाला नको आहे? भौतिकीच्या दृष्टीनेही हे पटण्यासारखे आहे. तार जमिनीवर उचलली की अँटेनाचे विद्युत्क्षेत्र मातीत शिरण्याआधी तारांवरच बऱ्याच अंशी थांबते आणि परतीचा प्रवाह मातीऐवजी तारांतून वाहतो.

तथापि, हा निष्कर्षही पुढे अटींवाचूनच पसरला. तारा सर्व बाजूंनी समान लांबीच्या व समान उंचीच्या असाव्या लागतात. अन्यथा त्यांच्यातील प्रवाह विषम होतात. केबलच्या बाह्य आवरणावरून वाहणारा प्रवाह रोखावा लागतो आणि तारांचा सांधा जमिनीला जोडून चालत नाही. नाहीतर प्रवाहाला मातीची वाट पुन्हा मोकळी होते. चार तारांच्या रचनेत एका तारेतील दोष पाव व्यवस्था बिघडवितो. १२० तारांच्या रचनेत एक तार तुटली तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. पुरलेल्या तारांची विपुलता ही केवळ कार्यक्षमता देत नाही, ती निष्काळजीपणालाही सामावून घेते. 'चार बरोबर एकशे वीस' या समीकरणात ही बाजू येत नाही. एका दंडकाचे खंडन करताना दुसरा तेवढाच निरपवाद दंडक प्रस्थापित झाला, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

८. मोजमापाकडे पुनरागमन

या वादाला प्रयोगाच्या पातळीवर परत आणण्याचे काम रूडी सेव्हर्न्स यांनी केले. 'क्यूईएक्स' या नियतकालिकात २००९ पासून प्रसिद्ध झालेली त्यांची लेखमाला आणि 'क्यूएसटी'च्या मार्च २०१० च्या अंकातील त्यांचा लेख हे या विषयावरील अलीकडच्या काळातील सर्वांत परिश्रमपूर्वक केलेले काम मानावे लागेल. पायाशी आढळणाऱ्या रोधावरून ऱ्हास ठरविण्याऐवजी त्यांनी अँटेनाकडून प्रत्यक्ष निघालेला संदेश दूरवर ग्रहण करून त्याची तीव्रता मोजली. मागे उल्लेखिलेल्या विरोधाभासातून सुटण्याचा हाच खात्रीचा मार्ग होता.

त्यांच्या निष्कर्षांपैकी तीन येथे विशेष प्रस्तुत आहेत. पहिला, जमिनीवर पसरलेल्या तारांची संख्या चारवरून सोळापर्यंत नेताना मोठा लाभ होतो आणि बत्तीसच्या पुढे तो झपाट्याने आटतो. दुसरा, ७.२ मेगाहर्ट्झला उंचावलेल्या चार तारा जमिनीवरील ६४ तारांच्या तोडीच्या ठरल्या; म्हणजे काळजीपूर्वक उभारणी केल्यास ख्रिस्टमन यांचा दावा टिकतो. तिसरा निष्कर्ष सर्वस्वी अनपेक्षित आहे. जमिनीवर ठेवलेल्या तारा मोजक्याच असतील, तर पाव तरंगलांबीच्या तारांपेक्षा त्याहून आखूड तारा अधिक चांगले काम करू शकतात.

हा तिसरा निष्कर्ष वरवर पाहता बुद्धीला न पटणारा आहे. त्याची मीमांसा अशी : मातीच्या सान्निध्यात तारेवरील तरंगाचा वेग मंदावतो. त्यामुळे अवकाशातील मोजमापाने पाव तरंगलांबीची कापलेली तार जमिनीवर विद्युतदृष्ट्या अधिक लांब ठरते. तिच्यातील प्रवाहाचे शिखर अँटेनाच्या पायाशी न राहता दूर सरकते आणि मातीतील ऱ्हास वाढतो. तार आखूड केली की शिखर पुन्हा पायाकडे येते. तारांची संख्या वाढली की हा परिणाम ओसरतो. 'पाव तरंगलांबी' हे हौशी साहित्यातील दुसरे अढळ पद. तेही या प्रयोगात ढळले.

सेव्हर्न्स यांच्या कामाचे मूल्यमापन करताना त्यांनाही तोच निकष लावणे क्रमप्राप्त आहे. त्यांची मोजमापे ऑरेगन राज्यातील एका जागी झालेली आहेत. अन्य मातीत प्रमाण बदलेल. सोळा किंवा बत्तीस हे आकडे जर उद्या 'सेव्हर्न्सचा नियम' म्हणून मुखोद्गत होऊ लागले, तर १९३७ च्या निबंधाची जी गत झाली तीच त्यांच्या लेखमालेची होईल.

९. रेडियलच्या आवाक्यापलीकडची जमीन

या सर्व लेखनात एक भेद पुरेशा ठळकपणे मांडला जात नाही, अशी उणीव जाणवते. रेडियल तारा अँटेनाच्या निकटच्या, फार तर अर्ध्या तरंगलांबीच्या वर्तुळातील ऱ्हास कमी करतात. दूरच्या संपर्कासाठी आवश्यक असलेले, क्षितिजालगतच्या कोनात जाणारे प्रारण मात्र अनेक तरंगलांबी दूरच्या जमिनीवरील परावर्तनातून आकार घेते. पाच अंशांच्या कोनाचा विचार केला, तर पाव तरंगलांबी उंचीवरून निघालेला किरण सुमारे तीन तरंगलांबी अंतरावर जमिनीला भेटतो. तेथील माती सदोष असेल, तर परावर्तित तरंग थेट तरंगाला साह्य करण्याऐवजी त्याला क्षीण करतो. अंगणातील तारांची संख्या कितीही वाढविली, तरी या दूरच्या जमिनीत फरक पडत नाही.

समुद्रकाठच्या उभ्या अँटेनाच्या ख्यातीचे रहस्य येथे आहे. समुद्राच्या पाण्याची वाहकता प्रति मीटर सुमारे ५ सीमेन्स, म्हणजे 'सरासरी' मातीच्या हजारपट असते. तेथे क्षितिजालगतचे प्रारण जवळजवळ अबाधित राहते. भूतरंगावर विसंबणाऱ्या प्रसारण केंद्राच्या मोजमापात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. त्यामुळे १९३७ च्या निबंधात त्याचा शोध घेणे गैर ठरेल. परंतु हौशी हस्तपुस्तिकांनी 'कार्यक्षमता' आणि 'दूरवर पोहोचण्याची क्षमता' हे दोन शब्द समानार्थी वापरू नयेत, एवढी अपेक्षा रास्त आहे.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. १२० हा आकडा निराधार नाही. बुटक्या अँटेनाला कार्यक्षम करण्यासाठी, भूतरंगावर चालणाऱ्या प्रसारणासाठी आणि लांब तारांच्या जोडीने तो सार्थ होता व आहे. त्याचा हेतू, वारंवारता आणि लांबी या तिन्ही गोष्टी वेगळ्या केल्यावर उरलेला आकडा मात्र मार्गदर्शक राहत नाही. 'चार उंच तारा' या प्रतिदंडकालाही हेच लागू आहे. स्टॅन्ली यांचे कोष्टक आणि सेव्हर्न्स यांची मोजमापे अधिक विश्वसनीय वाटतात, याचे कारण त्यांचे आकडे लहान आहेत हे नव्हे, तर ते आकडे कोणत्या तुलनेत आणि कोणत्या परिस्थितीत मिळाले, हे त्यांनी सांगितले आहे.

या विषयावरील कोणतेही विधान वाचताना चार प्रश्न विचारले जावेत : वारंवारता कोणती, जमीन कोणती, अपेक्षित तरंग भूतरंग की आकाशतरंग आणि 'शून्य ऱ्हास' कशाला म्हटले आहे. या प्रश्नांची उत्तरे ज्या लेखनात नाहीत, त्यातील संख्या तूर्त बाजूला ठेवावी.

अध्यापनाच्या दृष्टीने या प्रकरणाला आणखी एक मूल्य आहे. परवानाधारक हौशी रेडिओ केंद्र असलेल्या महाविद्यालयात ७० मीटर तार आणि थोडी मोकळी जागा एवढ्या सामग्रीवर पदवीचा विद्यार्थी चार, आठ आणि सोळा तारांची तुलना स्वतः करू शकतो. उन्हाळ्यात केलेले मोजमाप पावसाळ्यात पुन्हा करू शकतो. त्या मोजमापातून आलेला आकडा १२० च्या तुलनेत किरकोळ दिसेल. परंतु तो कोणत्या मातीचा, कोणत्या महिन्याचा आणि कशाच्या तुलनेतला आहे, हे त्या विद्यार्थ्याला ठाऊक असेल.